माझ्या पोटातली साखर

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. हिवरखेडच्या एका घरात राहतो. तुम्ही मला हलवाल, आवाज आला नाही तर म्हणाल, रिकामा आहे. तसं नसतं. जे एकदा माझ्यात राहून गेलं ते पुरतं जात नाही. भुकटी सांदीत बसते, वास पत्र्यात मुरतो. घर गप्प झालं की ते सगळं माझ्या आत हळूहळू बोलू लागतं. मी ऐकतो. डब्याला दुसरं काय येतं?

मी जन्मलो बाळापूरला. गयासुद्दीन नावाचा कारागीर गोड्या तेलाच्या पिप्यांचा पत्रा कापून डबे करायचा. माझं झाकण ठोकून बसवताना तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "बाई, आत मुंगी गेली तर डबा वापस आना." गिऱ्हाईक होती गिरजाबाई, तेव्हा नवी नवरी. मुंगी कधीच आत गेली नाही. मला उघडायला चमच्याची दांडी घालावी लागायची. लोक म्हणायचे, झाकण असावं तर असं. मलाही त्याचा गर्व होता. आता नाही. काहून नाही, ते पुढं कळेल.

पहिली माझ्यात ज्वारी आली, मग पीठ, मग साबुदाणा. एका हिवाळ्यात गिरजाबाईनं वातींचा कापूस ठेवला. झाकण उघडं राहिलं तेव्हा आत आलेलं एक झुरळ तळाशी मरून पडलं, ते तर कोणाला दिसलंच नाही. आणि अंधारात बसल्या बसल्या मला कळलं, की माझ्यात आलेली ही सगळी एकाच मातीची आहेत. त्या मातीचं नाव ग्लुकोज. सहा कर्बांचं एक छोटं कडं. झाडाचं पान हवेतला कर्ब घेतं, मुळाचं पाणी घेतं, आणि उन्हाच्या जोरावर ते कडं वळतं. कर्ब आणि पाणी, म्हणून कर्बोदक. खोटं वाटत असेल तर चमचाभर साखर तव्यावर जाळून बघा. पाणी वाफ होऊन जातं आणि मागं काळा कोळसा राहतो. इतकी पांढरी वस्तू, आणि आत कोळसा. मला त्याची भीती वाटते.

पीठ म्हणजे अशी हजारो कडी एकमेकांचा हात धरून, वेटोळं घालून बसलेली. कापूसही तीच कडी, तसाच धरलेला हात. फरक एवढाच, की कापसात प्रत्येक दुसरं कडं उलटं असतं, डोकं खाली. बस, एवढंच! एवढ्यानं साखळी सरळ होते, ताठ होते, आणि माणसाच्या पोटात ती कापायची कात्रीच नाही. गाईच्या पोटातले जंतू ती कापतात, वाळवीच्या पोटातले कापतात. तुम्ही नाही. म्हणून एका भावाची तुम्ही भाकरी करता आणि दुसऱ्याचं कापड विणून मेलेल्यावर पांघरता. त्या मेलेल्या झुरळाचं कवचही साखरेच्याच एका जातीच्या साखळीचं होतं. तुमचा रक्तगट म्हणजे लाल पेशीवर चिकटलेली साखरेची खूण. आणि बापाचं नाक पोराला देणारा जो धागा तुमच्या पेशीपेशीत आहे, त्याच्या कण्यातही एक साखर बसलेली आहे. तुम्ही जात सांगता, गोत सांगता. आतून सगळे एकाच डब्यातले आहात.

मग गिरजाबाईनं माझ्यात साखर भरली आणि माझे मानाचे दिवस सुरू झाले. साखर म्हणजे दोनच कड्यांची जोडी, एक ग्लुकोज, एक फळांतली साखर. पोटात गेली की लगेच सुटते. पाहुणा आला की मी खाली. पोर जन्मलं की मी खाली. आणि भुलाबाईच्या महिन्यात तर माझ्याशिवाय पानच हलायचं नाही.

भुलाबाई तुम्हाला माहीत असेल. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात घरोघरी मातीची भुलाबाई मांडतात. पोरी जमतात, गाणी म्हणतात. शेवटी घरची पोरगी डब्यात खाऊ लपवून आणते आणि कानापाशी वाजवते. बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हा नियम. फुटाणे टणटण वाजतात, साबुदाणा सळसळतो, लाडू धपकन आपटतो. मी सगळे आवाज काढले. एरवी गिरजाबाईची नात दामिनी मला नुसतं हलवून ते सगळे ओळखायची. पोरगी मला कान लावायची तेव्हा मला वाटायचं, हिला आतलं बोलणंही ऐकू येतं.

मागल्या वर्षी दामिनी वाळत गेली. घटाघटा पाणी प्यायची, घडीघडी मोरीत जायची. अकोल्याला नेलं. डॉक्टरनं सांगितलं, पोरीच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनत नाही. इन्सुलिन ही किल्ली आहे. ती नसली तर ग्लुकोज रक्तात फिरत राहतं आणि पेशींची दारं बंद. घर धान्यानं भरलेलं आणि माणसं उपाशी. आता किल्ली सुईनं द्यायची, रोज, जन्मभर. साखर, मिठाई टाळायची. डॉक्टर पुढंही बोलला होता: पण कधी पोरीला थंड घाम सुटला, हात कापले, ती बरळली, तर समजा रक्तातलं ग्लुकोज संपलं. तेव्हा थांबू नका, साखर द्या.

दामिनीची आई शकुन. तिनं दोन्ही गोष्टी ऐकल्या होत्या आणि घरी येऊन दोन्ही सांगितल्या. गिरजाबाई तिच्यावर ओरडली, "बयताड झाली काय व? ज्यानं बिमारी झाली तेच औषध सांगून राहिली? पोट्टीले साखर आहे, साखर! घरात दाणा दिसता कामा नये."

सुना गप्प बसतात आणि लोक त्याला संस्कार म्हणतात. मला रिकामं करून माळ्यावर फेकलं. वर्षभर मी कोळ्यांच्या जाळ्यात पडून होतो. खाली सुईचं टोपण उघडल्याचा आवाज यायचा, टक. सकाळी टक, संध्याकाळी टक.

कोजागिरीच्या संध्याकाळी दामिनी माळ्यावर चढली. सोबत तिची मैत्रीण हीना, शेजारच्या घरातली. हीनाच्या ओढणीत पुडी होती.

"अम्मीले विचारलं नाही मी," हीना म्हणाली. "पकडली तर तुह्यं नाव सांगीन."

"सांग ना. पण खेळात बोलू नको. आमच्या घरी साखर असन असं कोणाच्या बापाले सुचनार नाही. आज सगळ्याइले हरवतो."

तिनं चमच्याच्या दांडीनं माझं झाकण उघडलं, साखर ओतली आणि झाकण पुन्हा ठोकून बसवलं. स्वतः एक दाणाही चाखला नाही. मग खाली गेली. टक. सुई घेतली. जेवायला बसणार तेवढ्यात पोरी आल्या, बाया आल्या, आणि ताट झाकून ठेवलं.

अंगणात ज्वारीच्या धांड्यांची खोपी उभी होती, आत भुलाबाई. चंद्र नुकताच वर येत होता. गाण्यावर गाणं झालं. दामिनी नाचली, टाळ्या पिटल्या. मग तिनं मला उचललं आणि वाजवलं. सर्र... सर्र...

"रवा!" "खसखस!" "राजगिरा!"

"नाही, नाही," दामिनी हसत होती. मग ती हसायची थांबली, पण मी वाजायचा थांबलो नाही.

मित्रांनो, मला कोणी वाजवत नव्हतं. तिचे हात कापत होते. तिच्या बोटांचा गारवा माझ्या पत्र्यात उतरला. घामानं तिची पकड निसटली, तेव्हा तिनं मला छातीशी दाबलं. आत साखर एका लयीत सरसरत होती आणि पत्र्यापलीकडं तिचं काळीज धडधडत होतं. सुईनं सगळी दारं सताड उघडली होती आणि रक्तात वाटायला काही उरलं नव्हतं. मेंदूचं मुख्य खाणं ग्लुकोज. त्याचं स्वतःचं कोठार नाही. तो उपाशी राहिला की विझू लागतो, एकेक खोली करून.

तिचे डोळे एका जागी लागले. ती बोलली, तो आवाज तिचा नव्हता. जाड, ओढलेला. "भूक... मले भूक..."

पोरी मागं सरकल्या. एक बाई पुटपुटली, "अव बाप्पा! भुलाबाई आली अंगात."

आणि सगळ्यांनी हात जोडले. कोणी ऊद पेटवला. कोणी कुंकवाचा करंडा आणला आणि गार पडलेल्या पोरीच्या कपाळावर मळवट भरला. गल्लीतल्या रामरावची बायको पदर पसरून पुढं आली, "माय, माह्या सुनेले पोरगाच होईन ना?" दुसरी म्हणाली, "माह्या पोराले नोकरी कवा लागन व?" मरायला टेकलेल्या पोरीला ही माणसं नोकरी विचारत होती! आणि मी तिच्या कवेत, पोटात साखर घेऊन, घट्ट झाकण लावून. मला तोंड असतं तर मी एकेकीला शिव्या दिल्या असत्या.

शकुन धावली. गिरजाबाईनं तिचा दंड धरला. "शिवू नको. देवी आहे."

"घाम पाहा ना आत्याबाई, कसा गार..."

"देवीचं वारं आहे ते. कोप होईन!"

तेवढ्यात मागून हीना किंचाळली, "साखर! डब्यात साखर आहे!"

बाया हसल्या. "बिमार पोट्टीच्या घरी साखर? हट!"

"मीच देली, काकू. कसम. ओळखलं ना मी? आता उघडा. नियम आहे तुमचा."

शकुननं सासूचा हात झटकला. मला दामिनीच्या कवेतून ओढलं. झाकण हलेना. चमचा कोणी देईना. तिनं मला खाली टेकवून दातांनी झाकणाची कड धरली, आणि तिच्या ओठांचं रक्त माझ्या पत्र्यावर आलं. गयासुद्दीनच्या हाताला मी तेव्हा पहिल्यांदा दोष दिला. मग झाकण सुटलं. चांदण्यात साखर पांढरी लखलखली.

पोरीला अजून गिळता येत होतं. शकुननं मूठभर साखर पाण्यात कालवून घोट घोट पाजली. गिरजाबाई म्हणाली, "मारशीन व तू माह्या नातीले."

"तुमी मारून राहिल्या," शकुन म्हणाली. सुनेचा असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

ऊद विझत आला. मग दामिनीनं कपाळ पुसलं, हाताला लागलेलं कुंकू पाहिलं आणि आपल्याच आवाजात विचारलं, "आई, कोण जिंकलं?"

शकुननं तिला छातीशी धरलं आणि भाकरी भरवली. साखर लगेच पोचते पण लगेच संपते. भाकरीची साखळी हळूहळू कापली जाते, ती टिकते.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. ऐका. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईनं मला वरून धुतलं, हळदकुंकू लावलं, लाल धाग्यानं झाकण करकचून बांधलं आणि देवघरात ठेवलं. बाया पाया पडायला येऊ लागल्या. म्हणे डब्यात देवी आहे. मी पुन्हा बंद! घरात रोज टक, टक. आणि आत साखर ओल धरून दगड होत होती. बाहेर हात जोडलेले, आणि मला मात्र दामिनीच्या काळजाची त्या रात्रीची धडधड ऐकू यायची, पुन्हा येण्याची वाट बघणारी.

शकुननं विळीवर तो धागा कापला, सासूच्या डोळ्यांदेखत. झाकणाची कड ठोकून सैल केली, दगड झालेली साखर फोडून मोकळी केली. आता मी दामिनीच्या उशाशी असतो. निजायच्या आधी ती मला कानाशी धरून वाजवते, सर्र आवाज आला की झोपते. हीनाही आली की आधी मला वाजवते. माझ्यात आता मुंग्या शिरतात. शिरू द्या.

मित्रांनो, तुमच्या गावातही असं एखादं पोर असेल. त्याला गार घाम सुटेल, ते बरळेल, त्याचा आवाज बदलेल. गिळता येत असेल तर साखर द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही ओतू नका, गाडी काढा, दवाखाना गाठा. आणि माझ्यासारख्या डब्यावर कुंकू लावायला याल तर हात नंतर जोडा. आधी झाकण उघडा.