रोसारिओच्या घरी चपला बाहेर

शुभाकाकू त्या घराबाहेर चपला काढतात, यावरून अख्खं पाल्मा क्रॉसिंग गाव हसायचं. ॲरिझोनाचं वाळवंट ते. बूट झटकल्याशिवाय घातला तर आतून विंचू निघायचा, अशा ठिकाणी ही बाई दाराशी चपला काढून खुशाल अनवाणी आत शिरायची. हसतील नाही तर काय करतील लोक? पण काकू कुणाच्या हसण्याला भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या. नागपुरात शाळेत इतिहास शिकवण्यात हयात गेलेली. उन्हाचं म्हणाल, तर मे महिन्यातलं नागपूर पचवलेल्या बाईला वाळवंटाची काय मातब्बरी. लेक इशिता इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, ती दिवसभर ड्यूटीवर. घरात बसून टीव्ही बघायचा काकूंना मनस्वी कंटाळा. म्हणून त्या नदीकाठच्या या जुन्या मातीच्या घरात फुकट काम करायला जाऊ लागल्या होत्या.

घराचं आता छोटंसं म्युझियम झालं होतं, ते सांभाळायची डोलोरेस. साठीतली, ठेंगणी, बोलायला फटकळ. काकूंचं आणि तिचं म्हणूनच जमलं.

"शुभा, हे म्युझियम आहे, घर नाही," डोलोरेस रोज म्हणायची.

"कुणीतरी इथे रांधलं, जेवलं, पोरं वाढवली ना? मग घरच," काकू रोज म्हणायच्या. हिंदी सिनेमातलं असावं तसं ठरलेलं भांडण होतं ते, आणि दोघींनाही त्याशिवाय करमायचं नाही.

हे घर, डोलोरेसच्या म्हणण्याप्रमाणे, तिची खापरपणजी रोसारिओ हिचं. नदीवर पूल नव्हता तेव्हा ही विधवा बाई तराफ्यावरून माणसं, खेचरं, गाड्या पलीकडे पोचवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाव भाजून खाऊ घालायची. तिच्या दारापुढे गर्दी जमली, गर्दीचा बाजार झाला आणि बाजाराचं गाव. गावातला पुतळा मात्र कॅप्टन हॉलिसचा. हातात दुर्बीण, पायाशी पाटी: 'अठराशे बासष्टमध्ये आलेला पहिला वस्तीकार.' रोसारिओचं नाव पाटीवर नाही आणि कुठल्या कागदावरही नाही. डोलोरेसकडे पुरावा म्हणून होत्या त्या फक्त आजीने सांगितलेल्या गोष्टी. गोष्टींना कोण विचारतं?

आता गावाला कॅप्टनच्या नावाने मोठं संग्रहालय बांधायचं होतं आणि त्याच्या पार्किंगसाठी नेमकी हीच जागा हवी होती. घर कॅप्टनच्या आधीचं आहे असं सिद्ध झालं तर ते राहणार, नाही तर बुलडोझर. तपासणीसाठी फिनिक्सहून जुन्या इमारतींचा तज्ज्ञ येणार होता. डोलोरेसची झोप उडाली होती. वरवर ती नेहमीसारखी खेकसत होती, पण काकूंनी तिला मागच्या खोलीत भिंतीला हात लावून उभं राहिलेलं पाहिलं होतं. काकूंचा जीव तिळतिळ तुटला.

तज्ज्ञ आला तो वेद पेंडसे. नाव ऐकून काकूंनी चष्मा वर केला. तिशीचा, दाढीवाला, न्यू जर्सीत वाढलेला. हातात टॅबलेट, पायात जाडजूड बूट. तसाच आत निघाला.

"वेद, बूट काढ आधी," काकू मराठीत म्हणाल्या.

पोरगा जागीच थांबला. बघतो तर दारात साडी नेसलेली, कोल्हापुरी बाहेर काढून अनवाणी उभी असलेली बाई. त्याच्या आईने पंचवीस वर्षं घालवली होती हेच वाक्य बोलण्यात. कुठलाही वाद न घालता तो खाली बसला आणि लेस सोडू लागला.

"काकू, आय मीन, मला प्रॉब्लेम नाही. पण मी वर्क करतोय," तो लाजत म्हणाला.

"मोज्यांतही करता येतं," काकू म्हणाल्या.

डोलोरेसने कपाळावर हात मारून घेतला. तज्ज्ञाला नाराज करायची ही वेळ होती का?

वेदने खिडक्या पाहिल्या, छताची लाकडं पाहिली. "लाकूड नंतरचं आहे," तो म्हणाला, "प्लास्टरही. सॉरी. मला यात जुनं काही दिसत नाहीये." मागच्या खोलीत वेद भिंतीकडे चालत गेला आणि मध्येच त्याचा पाय अडखळला. त्याने खाली पाहिलं. सपाट मातीची जमीन. मागे येऊन तो पुन्हा तिथून चालला, आता हळू.

"इथे जमीन खाली जाते," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसत नाही, पण पायाला लागतं."

"लागतं ना," काकू म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून लागतं. मी समजले, जुनी जमीन, खचली असेल."

त्या स्वतः त्या खळग्यात जाऊन उभ्या राहिल्या. काटोलच्या मावशीकडे चुलीपुढची जमीन अशीच दबलेली होती. मावशी रोज तिथेच बसायची, तिथूनच उठायची. इतके महिने आपण या खळग्यातून येजा करतोय आणि डोक्यात प्रकाश पडू नये? काकूंना स्वतःचाच राग आला.

"वेद, इथे कुणीतरी वर्षानुवर्षं उभं राहिलंय. समोर नुसती भिंत आहे. नुसत्या भिंतीपुढे कोण उभं राहील?"

वेदने बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत नेली. भरीव, भरीव, आणि मग एकदम पोकळ. त्याने काकूंकडे पाहिलं, काकूंनी डोलोरेसकडे.

"प्लास्टर फोडावं लागेल," वेद म्हणाला. "आत काही नसलं तर तुमची भिंत फुटेल आणि रिपोर्ट तोच राहील. तुम्ही सांगा."

डोलोरेसने भिंतीवर तळहात टेकला. "आजी म्हणायची, तिच्या पावाचा वास नदीपलीकडे जायचा," ती म्हणाली. "फोड."

वेदने छिन्नी अशी चालवली की जणू भिंतीला दुखेल. एक ढलपा निघाला, दुसरा निघाला. मागून कमान दिसू लागली. धुराने काळी पडलेली, आत माणूस वाकून शिरेल एवढी मोठी भट्टी. चार माणसांच्या घराला कशाला लागते एवढी? ही अख्ख्या घाटाला जेवू घालणारी भट्टी होती. कमानीच्या मातीत, ती ओली असताना कुणीतरी काडीने ओरखडून ठेवलं होतं, अक्षरं वेडीवाकडी, पण धडधडीत: रोसारिओ, १८५८.

डोलोरेस मटकन खाली बसली, त्या खळग्यातच, आणि हमसून हमसून रडली. काकू शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. स्वतःचे डोळे पुसायला त्यांना पदर पुरेना. वेद फोटो काढत होता आणि मधूनमधून नाक ओढत होता.

कौन्सिलच्या बैठकीत फोटो पडद्यावर आला तेव्हा कॅप्टनचे पाठीराखेसुद्धा उठून उभे राहिले. मतदान एकमताने झालं. पार्किंग पलीकडे सरकलं, घर राहिलं. नव्या पाटीवर 'पहिली वस्तीकार रोसारिओ' लिहायचं ठरत होतं, तर ते डोलोरेसनेच खोडलं. "नदीकाठची मूळ माणसं आमच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत. 'पहिलं'बिहिलं नको. नुसतं तिचं नाव लिहा," ती म्हणाली.

पाटी लागली त्या दिवशी भट्टी पेटवली. गाव लोटलं. काकूंनी दारात ठिय्या मांडला होता आणि त्या एकालाही बुटांसकट आत सोडत नव्हत्या. महापौरांनी बूट काढले तर मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. सगळे हसले, महापौर सगळ्यांत जोरात हसले.

सर्वांत शेवटी डोलोरेस आली, पावांचा पिठाळ ट्रे घेऊन. उंबऱ्याशी थांबली. ट्रे काकूंच्या हातात दिला, वाकली आणि एकेक बूट काढून काकूंच्या चपलांशेजारी नीट ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय गं, म्युझियममध्ये बूट काढतात होय?" काकूंनी विचारलं.

"म्युझियम असेल तुझं," डोलोरेस म्हणाली. "मी घरी आलेय."