सोनाबाईची साक्ष

आमच्या नाते गावातली निशा आठशे मीटर पळते. आशियातल्या शर्यतीसाठी तिची निवड झाली, नि खेळसंघवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. ही पोर इतकी पळते कशी? बाईच हाय ना? म्हणे कपडे काढून डाक्टरला दाखव, मग पळ. निशा म्हणाली, नाय दाखवणार. झालं, नाव कापलं! मेल्यांचं वाटोळं होवो.

प्रकरण परदेशातल्या क्रीडा लवादाकडे गेलं. खेळातली भांडणं सोडवणारे पंच ते, असं महाडच्या तेजश्री वकीलबाईंनी सांगितलं. सुनावणी वकीलबाईंच्याच हापिसात, कम्प्युटरवर. निशाची आय चंपाबाई माझ्याकडे धावत आली. "मावशे, पोरीला तूच बाहेर काढलंस. तू सांगितल्यावर कोण बोलंल?"

खरंच की! मी सुईण. निशाला तिच्या बापाच्या आधी मी बघितली. ठेवणीतलं लुगडं नेसले नि निघाले.

पडद्यावर तीन पंच, नि आमचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगणारी एक दुभाषी. मला बघून वकीलबाईंनी कपाळावर हात मारला, पण मी कसली थांबते! म्हटलं, "मी सुईण. ही जन्मली ती माझ्या हातावर."

मधला पंच खुशीत पुढे सरकला. "मग सांगा आजी, काय पाहिलंत? प्रश्नच मिटेल."

मी तोंड उघडलं, तोच शेजारी बसलेल्या निशाने माझं मनगट धरलं. "आजी, नको गो. हेच तर मी कुणाला सांगायचं नाय म्हणून भांडतेय."

चंपाबाईने मान खाली घातली. मला असा राग आला, माझा नि त्या पंचाचाही.

"नाय सांगत, जा!"

"पण तुम्ही साक्षीला आलात ना?"

"आले. तुम्ही त्या खुर्चीत बसलात, तेव्हा तुमच्या सुईणीला बोलावलं व्हतं का कुणी?"

दुभाषी अडखळली, पण सांगितलं तिने. शेजारची पंचबाई खुदकन हसली, मधल्याचे कान लाल झाले.

पंधरवड्याने निकाल आला. निशाला कुणी तपासायचं नाय, तिला पळू द्या.

पोर पळाली, सहावी आली. फोनवर हुंदके देत म्हणाली, "आजी, हरले गो."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, "रड बाय, पोटभर रड. नाव तर नाय कापलं कुणी, नुसती हरलीसच ना?"