अंगठ्याचा उशीर

मित्रांनो, मी एक जुनं, किल्ली द्यायचं स्टॉपवॉच आहे. बिघडलेलं म्हणून मला बाजूला ठेवलं गेलं, पण मी बिघडलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळी हकीकत ऐकूनही लोक शेवटी विचारतात, "पण नक्की बिघडलं काय होतं?"

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडकीशी ओळीने टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाशी डोळ्याला भिंग लावलेलं माणूस. माझी चक्रं एका बाईने बसवली. तिला सर्दी झाली होती, तरी माझं काम हातात असेपर्यंत ती एकदाही शिंकली नाही. तिने मला दोन सेकंदकाटे दिले. वरची कळ दाबली की दोन्ही काटे धावू लागतात. बाजूची कळ दाबली की एक काटा थांबतो आणि दुसरा धावतच राहतो. थांबलेल्या काट्यावरचा आकडा लिहून घ्यायचा आणि कळ पुन्हा दाबायची. मग थांबलेला काटा उडी मारून धावत्या काट्याला जाऊन मिळतो. अशी करामत असलेली घड्याळं फार नसतात. थोडा तोरा आहे मला त्याचा, नाही कशाला म्हणू?

मला एका शाळेच्या खेळाच्या शिक्षकांनी निवडलं. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. पुढची सव्वीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होतो. किती मुलं माझ्यासमोरून धावली, गणतीच नाही. सरांनी आकडा सांगितला की तो काळ्या दगडावरची रेघ. हरलेली मुलंसुद्धा वाद घालत नसत.

नवा मदतनीस शिक्षक आला की सर त्याला पहिला धडा एकच देत. "घड्याळ बिघडलं तर सगळ्या फेऱ्या एकाच बाजूला सरकतात. सगळ्या लांब, नाहीतर सगळ्या आखूड. पण अंगठ्याला एकदा उशीर झाला, तर ती फेरी फुगते आणि पुढची तेवढीच आक्रसते. तेव्हा फुगलेली-आक्रसलेली जोडी दिसली, की घड्याळाकडे बघायचं नाही, अंगठ्याकडे बघायचं." हा धडा त्यांनी आपल्या लेकीलाही दिला होता. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने आकड्यांची नवी घड्याळं घेतली आणि निरोपाच्या दिवशी मला सरांच्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं, संपलं आपलं. पण लेकीने मला पुन्हा कामाला लावलं.

लेक कवळ्या बनवते. घराच्या पुढच्या खोलीतच तिचं काम चालतं. फळीवर प्लास्टरचे जबडे, बशीत मेण, आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. आठवडाभर दुसऱ्यांचे दात घासून जुळवायचे आणि रविवारी गाडी पळवायची, असा तिचा संसार. तिने एक जुनी छोटी गाडी घेतली होती. मागची सीट काढून टाकली होती आणि शहराबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोकांसाठी राखलेल्या वेळेत ती चालवायची. ही शर्यत नव्हे. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. फक्त दोन गट असतात, सावकाश आणि वेगवान. एक मिनिट पन्नास सेकंदांच्या आत फेरी मारली तर वेगवान गटात जागा मिळते. लेक एक बावन्नला अडकली होती.

सर ट्रॅकच्या कडेच्या कमरेएवढ्या भिंतीशी उभे राहायचे, डोक्यावर टोपी, एका हातात मी, दुसऱ्यात पेन्सिल. लेकीची आई जाऊन चार वर्षं झाली होती. सोमवार ते शनिवार सर खिडकीशी बसून रविवारची वाट बघत. लेक गाडी आत आणायची आणि हेल्मेट काढायच्या आधी ओरडायची, "किती, बाबा?" त्या एका प्रश्नावर म्हाताऱ्याचा पुढचा आठवडा निघायचा.

मग एका रविवारी सरांनी आकडा सांगितला, "एक एकोणपन्नास आठ!" लेकीने हेल्मेट हवेत उडवलं. सरांनी तिला मिठी मारली. मी दोघांच्या मध्ये चेंगरलो आणि मला ते बिलकूल आवडलं नाही, कारण मला खरं माहीत होतं. आधीच्या फेरीला सरांचा अंगठा कळीवर येऊन थबकला होता. त्याला दाबायचं होतं, पण तो दबत नव्हता. त्यामुळे ती फेरी एक पंचावन्नची झाली होती आणि पुढची एकोणपन्नासची. सरांना वाटलं, आधी पोरीचं वळण चुकलं असेल.

ट्रॅकवर गाड्या दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे 'पाना' म्हणतात. त्याने कागद बघितला आणि डोकं खाजवलं. "ताई, लागोपाठच्या फेऱ्यांत पाच सेकंदांचा फरक? गाडी आहे का झोका? सरांचा मान राखून सांगतो, आता एखादं यंत्र घ्या."

यंत्राचा विचार लेकीच्या मनात आधीच येऊन गेला होता. पण यंत्र आलं की भिंतीशी उभ्या माणसाचं काय, हा प्रश्न तिला सुटत नव्हता. सरांनीच तो सोडवला. "घे की. मी काय अडवतोय? पण डोळे मिटून घेऊ नको. नीट पारखून घे."

मग पानाच्या शेडमध्ये, आडव्या ठेवलेल्या टायरांवर बसून तिघांची बैठक झाली. पानाने आधी मोबाइलचं नाव काढलं. सरांनी विचारलं, "तो सेकंदात किती वेळा बघतो, गाडी कुठं आहे ते?" पाना म्हणाला, "एकदा." सर हसले. "एका सेकंदात हिची गाडी चाळीस मीटर जाते. मधल्या चाळीस मीटरांत तो डुलकी काढणार होय?" मोबाइल बाद झाला. दुसरं यंत्र किरणांचं होतं. एक डबी भिंतीवर ठेवायची, दुसरी गाडीत. पण भिंतीवर आधीच इतरांच्या चार डब्या असत आणि कोणाच्या किरणाने कोणाची फेरी मोजली जाईल याचा नेम नव्हता. तिसरी होती गाडीखाली लावायची चिप. ती रस्त्यात पुरलेल्या तारेवरून गेली की वेळ नोंदते, अगदी बिनचूक. पण ती तार ट्रॅकवाले फक्त खऱ्या शर्यतीच्या दिवशी चालू करत. "म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडा," सर म्हणाले.

उरली ती उपग्रहाकडून जागा विचारणारी डबी. गाडीच्या पुढच्या काचेखाली चिकटवायची. ती सेकंदात पंचवीस वेळा बघते, आणि फेरी चालू असतानाच सांगते, मघापेक्षा पुढे आहेस की मागे. लेकीचा जीव तिच्यावर जडला. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय! पण निवड चांगली होती, हे मी कबूल करतो.

सरांनी एकच अट घातली. "वीस फेऱ्या जोडीने मोजायच्या. डबी तिकडे, मी इकडे. कागदावर शेजारी शेजारी लिहायचं. मगच ठरव." शाळेतही त्यांचा हाच शिरस्ता होता. नवं घड्याळ आलं की जुन्याशेजारी ठेवून तपासायचं. मित्रांनो, हा शिरस्ता त्यांनी मोडला असता तर निदान त्या दिवशी तरी त्यांना काही कळलं नसतं.

वीस फेऱ्या झाल्या. लेकीने डबीचे आकडे सरांच्या आकड्यांशेजारी उतरवले. डबी म्हणत होती एक बावन्न चार, मी म्हणत होतो एक त्रेपन्न आठ. पुढच्या फेरीला डबी एक बावन्न दोन, मी एक पन्नास आठ. एक फुगलेली, पुढची तेवढीच आक्रसलेली. वीस फेऱ्यांत अशा सहा जोड्या होत्या. आणि डबीच्या आकड्यांत एकोणपन्नास कुठेच नव्हतं.

दोघांनाही तो धडा पाठ होता. सरांचा अंगठा माझ्या काचेवर होता आणि तो किंचित, अगदी किंचित उडत होता.

"घड्याळ बिघडलं गं," सर म्हणाले.

लेकीने कागदाची घडी घातली. "हो बाबा. जुनं झालंय आता."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण सरच मुलांना ऐकवायचे. आता तेच अंगणाला नावं ठेवत होते. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? सव्वीस वर्षं शाळेत, पाच वर्षं भिंतीशी, एकदाही दगा दिला नाही, आणि खापर माझ्या माथ्यावर. पण आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कोणाला?

लेक मला घेऊन घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे गेली. त्यांनी मला उघडलं, यंत्रावर ठेवलं, तासभर चालवलं आणि झाकण लावून परत दिलं. "ह्याला काही झालेलं नाही. वापरणाऱ्याचा हात कुणाला तरी दाखवा, बाई." लेक दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता ती घरी जाऊन सांगेल. घरी सर दारातच उभे होते.

"काय म्हणाले?"

"सुटा भाग मिळत नाही म्हणाले. दुरुस्त होणार नाही."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. इतका सुटल्यासारखा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "असू दे मग," ते म्हणाले. तिने मला त्या वीस फेऱ्यांच्या कागदात गुंडाळलं आणि प्लास्टरच्या जबड्यांखालच्या खणात ठेवलं.

खणात मी सव्वा वर्ष होतो. कागदाच्या आणि खणाच्या फटीतून थोडंफार दिसे, बाकीचं ऐकू येई. सरांच्या हातून कप पडले. शर्टाच्या गुंड्या लागेनात, तेव्हा लेकीने शिंप्याकडून गुंड्यांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी लावून आणली आणि म्हणाली, "हल्ली हीच फॅशन आहे." चमचा धरवेना, तेव्हा तिने कवळीच्या गुलाबी मसाल्याची जाड मूठ घडवून त्याला बसवली. फार सुबक होती ती मूठ. सरांनी चमचा हातात घेतला आणि विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. एवढं प्रेम होतं त्या घरात, मित्रांनो, आणि त्या प्रेमाने घात केला. रविवारी लेक एकटीच ट्रॅकवर जाई. परत आली की डबीवरचा आकडा सांगे. सर म्हणत, "छान." पुढे काय विचारायचं, ते त्यांना सुचत नसे.

मग एका सकाळी सर घराच्या पायरीवर पडले. पाय उचलायचा होता, तो उचललाच गेला नाही.

डॉक्टरांनी मानेचे फोटो काढले आणि विचारलं, "हे कधी सुरू झालं?" सर म्हणाले, "दोन-तीन महिने झाले असतील." लेकीने काही न बोलता पिशवीतून तो कागद काढला. मी त्यातच गुंडाळलेला होतो, म्हणून मीही टेबलावर आलो. कागदावर तारीख होती. डॉक्टरांना तिने फुगलेल्या आणि आक्रसलेल्या जोड्या समजावून सांगितल्या, जशा सरांनी तिला दहाव्या वर्षी समजावल्या होत्या तशाच. आवाज एकदाही कापला नाही.

डॉक्टर बाईंनी कागदावरची तारीख पुन्हा वाचली. "मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेलाय. हा कागद घेऊन तेव्हाच आला असतात, तर तिथेच थांबवता आलं असतं. आता ऑपरेशन करू, पण गेलेलं परत येईल असं मी सांगू शकत नाही. तेव्हा का नाही आलात?"

"आम्हाला वाटलं, घड्याळ बिघडलंय," सर म्हणाले.

डॉक्टर बाईंनी मला उचललं, किल्ली दिली आणि कळ दाबली. मी धावू लागलो. त्यांनी बाजूची कळ दाबली, एक काटा थांबला. पुन्हा दाबली, तो उडी मारून दुसऱ्याला मिळाला.

"हे तर चालतंय," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. बिघडणं थांबलं, असं म्हणतात. सर आता खुर्चीत असतात. लेकीने गाडी विकली, डबीसकट. वेगवान गटात ती कधीच गेली नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, रोज सकाळी काहीतरी दाबायचा सराव करा, म्हणून मी पुन्हा सरांच्या हातात आलो आहे. एके काळी याच घडीची मी किती वाट पाहिली असती! ते अंगठा कळीवर ठेवतात. अंगठा थरथरतो, घसरतो, पुन्हा वर येतो. आज त्यांनी अकरा वेळा प्रयत्न केला.

मित्रांनो, मला तेल नको, कापडाने पुसणं नको, काचेच्या कपाटातली जागा तर मुळीच नको. तुमच्या घरातल्या कोणाच्या हाताला, पायाला, डोळ्याला उशीर होऊ लागला, तर त्याचा दोष आमच्यावर ढकलू नका. आम्ही तो मुकाट्याने घेतो. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं, तेव्हा त्याच दिवशी बोला, समोरच्याला कितीही वाईट वाटलं तरी.

आज अकराव्या वेळी अंगठा घसरला तेव्हा लेकीने सरांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "कळ फार घट्ट झालीय, बाबा."

"हो गं," सर म्हणाले. "तेल घालायला हवं."

कळ घट्ट झालेली नाही.