तिसऱ्या रांगेतली फर्माईश

वर्षातल्या शेवटच्या रविवारी सासूबाईंकडे जेवणं झाली, की थोरले जावई खिशातून चार घड्या घातलेला कागद काढत. गेली बारा वर्षं हे चाललं होतं. कागदावर वर्षभरातली त्यांची आवडती दहा गाणी आणि समोर बसून ऐकलेले पाच उत्तम कार्यक्रम असत, आणि वाचन शेवटच्या क्रमांकापासून पहिल्याकडे होई. ऐकायला सासूबाई, बायको, मेहुणी आणि साडू. पळायला वाव नसे, कारण कागद निघे तो बरोबर हात धुवून झाल्यावर आणि भांडी उचलायच्या आधी.

घरातले त्यांना दर्दी म्हणत. त्यात निम्मी चेष्टा होती, पण त्यांनी ती सगळीच्या सगळी कौतुकाच्या खात्यात टाकली होती. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं; गिऱ्हाइकाची नजर तपासून काचा ते स्वतः घासत. त्यांच्या हातची काच केसभर चुकत नसे आणि यादीचे नियमही तसेच काटेकोर होते. कार्यक्रम स्वतः ऐकलेला हवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्येच चहाला उठलात तर तो बाद.

साडूंचं नाव यादीच्या संदर्भात कधी निघत नसे. ते लिफ्ट दुरुस्त करत. एकदा दर्दींनी त्यांना हौसेनं कार्यक्रमाला नेलं होतं, तर मध्यंतराआधीच ते दर्दींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. तेव्हापासून दर्दींनी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

यंदाही दहा गाणी झाली आणि कार्यक्रम सुरू झाले. पाचपैकी चार, दरवर्षीसारखे, एकाच गायिकेचे. घरात तिला नुसतं ‘बाई’ म्हटलं की पुरे. पाचव्या क्रमांकावर शाळेच्या सभागृहातला कार्यक्रम होता. माईक खरखरला म्हणून बाईंनी तो बाजूला ठेवला आणि नुसत्या आवाजावर गायल्या. दुसऱ्या क्रमांकावर, वादक आलाच नाही म्हणून लोकांच्या टाळ्यांवर गायलेली तीन गाणी.

“आणि पहिला,” असं म्हणून दर्दी थांबले. इथं ते दरवर्षी थांबत. पाण्याचा घोट घेत, चष्मा पुसत.

हा पहिला क्रमांक त्यांनी सात महिने जपून ठेवला होता. बाईंचं एक जुनं गाणं होतं, शेजारणीकडे ठेवून गेलेल्या किल्लीचं. अकरा वर्षांत त्यांनी ते मंचावर गायलं नव्हतं. दर्दी प्रत्येक कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत बसत आणि दोन गाण्यांच्या मध्ये खणखणीत आवाजात फर्माईश करत, “किल्ली!” आणि या वर्षी, एका कार्यक्रमात, बाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं होतं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. गाणं काही गायल्या नाहीत, पण पाहिलं. त्यांनी आपल्याला ओळखलं, याबद्दल दर्दींना तिळमात्र शंका नव्हती.

त्या थांबण्यात सासूबाईंनी घोळ घातला. धाकट्या जावयाला वाईट वाटू नये म्हणून त्या म्हणाल्या, “तुम्ही ऐकलंत का हो यंदा काही?”

“मी?” साडू लाजले. “मंगळवारी ऐकलं थोडं. दादा, तुमच्या त्या बाई माझ्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या.”

दर्दींच्या हातातला चष्मा हातातच राहिला.

“सभागृहाची लिफ्ट. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली. मी वरून उतरून लिफ्टच्या टपावर बसलो. दाराच्या स्विचमध्ये कचरा अडकला होता, दहा मिनिटांत काढला. झाकणातून खाली विचारलं, ‘बाई, चालू करू का?’ तर म्हणतात कशा, ‘थांबा जरा. इथं कुणी ऐकत नाही ना?’ म्हटलं, ‘मी आहे.’ तर म्हणाल्या, ‘तुम्ही चालाल.’”

तुम्ही चालाल! दर्दींच्या अंगाचा तिळपापड झाला. बारा वर्षं, तिसरी रांग, आणि चालले कोण, तर खांद्यावर झोपणारे!

“काय गायल्या?” त्यांनी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

“नाव नाही माहीत. ते नाही का, कुणीतरी शेजारणीकडे किल्ली ठेवून जातं...”

आता मात्र दर्दींना पोटात खरोखरच दुखायला लागलं. हेवा म्हणजे काय ते त्यांना आजवर ठाऊक होतं असं त्यांना वाटत होतं, पण ते सगळं किरकोळ होतं. आपल्या तोंडचा घास कुणी काढून घ्यावा आणि वर ‘काय होतं हो हे?’ असं विचारावं, हे नवीन होतं.

“तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत?” त्यांनी विचारलं. नियमात कुठं तरी अडकतील अशी आशा होती.

“अर्धा तास बसलो. तिसऱ्या कडव्याला त्या सारख्या अडत होत्या. शब्दच आठवेनात. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अडल्या. मग कंटाळून त्याच सांगायला लागल्या. मागं एकदा भर कार्यक्रमात तिथंच विसरल्या होत्या, तेव्हापासून धसका घेतलाय. त्यात एक माणूस आहे म्हणे. प्रत्येक कार्यक्रमाला पुढं बसतो आणि तेच गाणं मागतो. त्यानं तोंड उघडलं की यांची पाचावर धारण बसते. मध्ये एकदा तर हात जोडावेत असं वाटलं, म्हणाल्या. ‘नुसतं त्याच्याकडे बघत राहिले, म्हटलं आता तरी समजेल.’”

मेहुणी हसली. सासूबाई म्हणाल्या, “काय एकेक लोक असतात!” दर्दींची बायको हसली नाही. ती प्रत्येक कार्यक्रमाला शेजारच्याच खुर्चीवर असायची. तिनं मान खाली घालून भांडी गोळा करायला घेतली.

“अगं, थांब,” सासूबाई म्हणाल्या. “पहिला क्रमांक राहिलाय.”

दर्दींनी कागदाकडे पाहिलं. पहिल्या क्रमांकासमोर तारीख होती, सभागृह होतं आणि पुढे लिहिलं होतं, ‘बाईंनी पाहिलं’. रोज माणसांची नजर तपासून काचा देणारा माणूस, आणि सात महिने एका नजरेचा असा अर्थ लावून बसला होता. त्यांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

“पहिला यंदा नाही,” ते म्हणाले.

साडूंना काहीच कळलं नव्हतं. “दादा, तुम्ही तर प्रत्येक कार्यक्रमाला असता. त्या माणसाला ओळखता का हो?”

“ओळखतो.”

“मग सांगा ना त्याला. बिचाऱ्या बाई.”

“सांगतो,” दर्दी म्हणाले. “ऐकेल तो माझं.”

भांडी आत गेली. सासूबाई आणि मेहुणी त्यांच्यामागून गेल्या. दोघे साडू तेवढे बसून राहिले. दर्दींनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. लाज वाटत होती, ती होतीच. पण पोटातलं दुखणं तिनं तसूभरही कमी झालेलं नव्हतं.

“तिसऱ्या कडव्यात कुठवर आल्या होत्या?” त्यांनी हळूच विचारलं.

“आता ते कसं सांगू? गाऊनच दाखवायला पाहिजे. पण मला कुठं गाता येतंय.”

“येतं तसं गा.”

साडू खाकरले आणि गायला लागले. सुराचा पत्ता नव्हता, ताल तर वाटेतच सांडला होता, पण बाई जिथं थांबल्या होत्या तिथं ते थांबत होते आणि पुन्हा सुरुवात करत होते. दर्दींनी मध्ये एक शब्दही काढला नाही. त्यांना त्या बेसूर आवाजाचाही हेवा वाटत होता.