कुलूपवाल्याचा खोकला

डॉक्टरीणबाई हुशार, पण नसत्या चौकशीची खोड जन्माची. कुलूपवाल्याचा खोकला सहा महिने हटेना, तेव्हा त्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एक्सरेत फुप्फुसं खराब दिसत होती, कारण मात्र सापडत नव्हतं. विडी-सिगारेट? नाही. "घरात कुत्रं, मांजर, पक्षी?" "छे हो!" हे उत्तर शेजारी बसलेल्या बायकोनेच दिलं आणि कुलूपवाल्याने मुकाट्याने मान डोलावली.

दुपारी पेशंट संपले. बाईंनी एका हाताने डबा उघडला, दुसऱ्या हाताने फोनवर त्याचं नाव टाकलं. नुसतं बघायला काय जातंय, म्हणे! दोन घास झाले नाहीत तोच सापडलं. कबुतरवाल्यांच्या ग्रुपवर गडी गच्चीत उभा, खांद्यावर दोन, डोक्यावर एक, आणि असा खुशीत की दवाखान्यात कुणी ओळखलं नसतं. फोटो मागच्याच आठवड्यातला.

अगं बाई! पिसांची, विष्ठेची धूळ रोज छातीत जात राहिली तर फुप्फुसं कायमची निकामी. रोग सापडला खरा, पण सांगायचा कसा? आता धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. सांगावं तर चोरून बघितल्याचं उघड होतं, न सांगावं तर माणूस हातचा जातो.

पुढच्या खेपेला त्यांनी बायकोला बाहेर बसवलं, दार लावलं आणि एका दमात सगळं कबूल केलं.

कुलूपवाला लालबुंद झाला. "बाई, मी रोज लोकांची दारं उघडतो. पण मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावत नाही."

"चुकलंच माझं. पण तुम्ही तरी खोटं का बोललात?"

"बायको शेजारी होती ना! तिला वाटतंय, दोन वर्षांपूर्वीच सगळी देऊन टाकली. पण मी ती मित्राच्या गच्चीवर ठेवली आहेत. आज तिला बाहेर बसवलंत, तसं तेव्हाच बसवलं असतंत, तर मी आपणहून सांगितलं असतं."

बाई ओशाळल्या. सहा महिने डोकं खाजवलं, आणि एवढं साधं सुचू नये? त्यांनी फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

"किती आहेत?"

"तेवीस."

"द्यावी लागतील. या वेळी खरोखर."

तो हातातली किल्ली फिरवत राहिला. मग म्हणाला, "नावं तरी ऐकाल?"

"सांगा ना."

एकेक नाव घेत तो चौदाव्यापाशी थांबला. बाईंनी सवयीने पाणी पुढे केलं. पण त्याला खोकला आला नव्हता.