न मुरणारं पाणी

परवाना विभागात तिला एकोणीस वर्षं झाली होती. नवी वसाहत उभी करायची तर पावसाचं पाणी कुठे जाणार, हे बिल्डरला आधी तिला पटवून द्यावं लागे. तिच्या सहीशिवाय पाया खणता येत नसे. टेकडीवरच्या वसाहतीची फाइल पाचव्यांदा टेबलावर आली होती. दर वेळी तिनं त्रुटी काढायच्या आणि त्याच त्रुटी नव्या पुठ्ठ्यात परत यायच्या. पालथ्या घड्यावर पाणी.

या वेळी मात्र सल्लागार म्हणून सही होती तिच्या जुन्या साहेबांची. नकाशा वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते बिल्डरकडे लागल्याचं तिच्या कानावर होतं. अहवाल म्हणत होता, की टेकडीवरची जमीन तासाला वीतभर पाणी पिते, तेव्हा शोषखड्डे पुरेत, पाणी अडवणाऱ्या तलावाची गरज नाही. तिला ते पटेना. जोराचा पाऊस झाला की टेकडीखालच्या गल्लीत ओढ्याचं पाणी उंबऱ्याला लागतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपलेच दात, आपलेच ओठ. दोन दिवस ती फाइल नुसती इकडून तिकडे सरकवत राहिली. मग साहेबांना फोन करून तिनं सांगितलं, की पाणी मुरण्याची चाचणी मी समोर करून घेणार आहे, तुम्हीही या.

ते टेकडीवर आले. मजुरांनी गुडघाभर खड्डा खणला, माती भिजवून घेतली, मग पाणी भरून त्यात पट्टी उभी केली. साहेब पालथ्या बादलीवर बसले, ती दगडावर. त्यांच्या गुडघ्यांबद्दल, त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल, तिच्या लेकीच्या परीक्षेबद्दल बोलून झालं. पट्टीकडे दोघंही फार वेळ बघत नव्हते. तासाभरात पाणी एक बोट उतरलं. तीन तासांनी धड तीन बोटंसुद्धा नाही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आकडे ऑफिसातल्या पोरांनी भरले, मी सही केली," ते म्हणाले. "इथे मी आलोच नव्हतो."

तिनं पट्टीवरचा आकडा वहीत टिपला.

"जन्मभर लोकांवर संशय घेतला, कुठेतरी पाणी मुरतंय म्हणून. इथे मुरत नाही, हीच गोची."

तिला हसू आलं नाही.

"पाहिलंस ते लिही," ते म्हणाले. "आणि माझं नाव गाळू नकोस."

तिनं लिहिलं. वरिष्ठांनी तीनदा बोलावून शेरा जरा सौम्य करायला सांगितलं. तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं. ‘पाहिलं ते लिहिलंय,’ एवढंच तिनं तीनदा सांगितलं आणि खाली येऊन चहा घेतला. दोन महिन्यांनी फाइल सहाव्यांदा आली. आठ घरांच्या जागी तलाव दाखवला होता. तिनं सगळी मापं तपासून सही केली. सल्लागाराच्या जागी दुसरंच नाव होतं.

त्या संध्याकाळी तिनं साहेबांना फोन केला. काय बोलायचं हे ठरवलंच नव्हतं. सही झाल्याचं तिनं सांगितलं.

"तलावाच्या तोंडाला जाळी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर."

"तिथे कचरा अडकतो. वरचेवर काढायला लाव."

"बघते," ती म्हणाली. ते काम नेमकं कोणत्या विभागाचं, हे अजून ठरायचं होतं.