बिल्ला उतरवल्यावरचं वाक्य

घरात मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. हे नाव माझ्या धाकट्या दिराने ठेवलं, मी लग्न होऊन आले त्याच महिन्यात, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याचं ठरलेलं लग्न का मोडलं आणि रोज दाढी करताना तो आरशाशी काय बोलतो, हे दोन्ही माझं तोवर विचारून झालं होतं. जाऊबाई म्हणतात, हिच्या जिभेला हाड नाही. हाड कोणाच्याच जिभेला नसतं, मी नर्स आहे, मला विचारा.

तातडीच्या विभागात ही खोड उपयोगी पडते. काय खाल्लं, कधी खाल्लं, कोणाशी भांडून आलात, मी सगळं विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. वाट बघणं मला जमतच नाही. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की मी शेवटचं पान आधी वाचते.

म्हणून हॉस्पिटलने प्रशिक्षण ठेवलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. जीव द्यायच्या टोकाला आलेल्या माणसाशी काय बोलायचं, काय बोलायचं नाही, त्याला पुढच्या मदतीपर्यंत कसं न्यायचं, असा विषय. वरच्या मजल्यावरची मीटिंगची खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि गळक्या एसीखाली ठेवलेली बादली. आम्ही सगळ्या विभागांतून गोळा केलेली माणसं. आमच्याकडे माणसाला विभागाच्याच नावाने हाक मारतात, त्यामुळे माझ्या एका बाजूला लॅब बसली होती आणि दुसऱ्या बाजूला एक्सरे.

शिकवायला आलेल्या बाई मानसोपचारतज्ज्ञ होत्या. बारीक अंगाच्या, सर्दी झालेल्या, आणि मऊ आवाजात कान उपटणाऱ्या.

"प्रश्न सरळ विचारायचा," त्या म्हणाल्या. "आत्महत्येचा विचार मनात येतोय का? याच शब्दांत. 'मनात काही वाईटसाईट तर नाही ना' असलं नको. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही."

"पण बाई, आपण विचारल्यामुळेच त्याच्या डोक्यात आलं तर?" लॅबने विचारलं.

"विचारल्याने येत नाही. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. आणि विचारलंत की गप्प बसायचं. सल्ले नकोत, तुमच्या मामेभावाची गोष्ट नको. खरं कुतूहल ठेवा. या माणसाला आत्ता काय होतंय, एवढंच."

कुतूहल! उभ्या जन्मात माझ्या खोडीला कोणी इतकं चांगलं नाव दिलं नव्हतं. हे घरी ऐकवायचंच, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

मग नाटुकली सुरू झाली. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने बोलायचं. पेशंटने बाईंनी दिलेलं कार्ड वाचायचं आणि छातीवर पिवळा बिल्ला लावायचा. संपलं की बिल्ला काढून डब्यात टाकायचा आणि सगळ्यांसमोर एक वाक्य म्हणायचं : 'मी आता तो नाही, मी मी आहे, आणि आज संध्याकाळी मी अमुक करणार आहे.' ते म्हटल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, हा बाईंचा नियम. दुसऱ्याचं दुःख अंगावर घेतलं तर ते उतरवून ठेवायला लागतं, नाहीतर घरापर्यंत येतं, असं त्या म्हणाल्या.

आधी मी पेशंट झाले. बिल्ला काढला आणि म्हटलं, "मी आता ती नाही, मी मी आहे, आणि आज संध्याकाळी जाऊबाईंनी चांगला चालणारा मिक्सर का बदलला, ते मी शोधून काढणार आहे." सगळे हसले.

मग एक्सरे पेशंट झाला आणि मी बोलणारी. तो चाळिशीचा, सडसडीत, अबोल. रोज दिवसभर 'श्वास घ्या, धरा, सोडा' एवढंच बोलणारा माणूस. त्याने कार्डावरून नजर फिरवली, बिल्ला लावला आणि मांडीवर हात ठेवून बसला.

"कसं वाटतंय तुम्हाला?" मी सुरुवात केली.

"दमलोय."

"घरी कोण कोण असतं?"

"मांजर होतं." तो थांबला. मीही थांबले, शिकवल्याप्रमाणे. "परवा शेजारच्या काकूंकडे देऊन आलो. त्याची वाटी दिली, टोपली दिली. डाव्या कानामागे खाजवत जा, उजव्या नको, तेवढं सांगून आलो."

माझ्या शेजारी लॅबने नाक ओढलं. आता प्रश्न विचारायचा होता. लोकांना त्यांच्या पोटातलं विचारणारी मी, पण तो शब्द काही जिभेवरून सुटेना. बाईंनी भुवई उंचावली तेव्हा कुठे मी म्हटलं, "तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतोय का?"

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. "हो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. आता ठरल्यासारखंच आहे."

खोलीत बादलीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज तेवढा येत होता. आणि मग बाईंनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. "बघा," बाई म्हणाल्या, "सिस्टरनी प्रश्न कसा सरळ विचारला! आणि तुम्ही तर कमालच केलीत. तो मांजराचा तपशील काय सुंदर!" माझी तर छाती फुगली. तेवढ्यात कॅन्टीनवाल्याने दारातून हाळी दिली की जेवण गार होतंय, खुर्च्या सरकल्या आणि सगळे उठले.

जेवताना एक्सरेचंच कौतुक चाललं होतं, तो स्वतः मात्र जेवायला आला नव्हता. "याला नाटकात घ्यायला हवं होतं," लॅब म्हणाली.

"घेतलं होतं की," मी म्हटलं, आणि माझा घास हातातच राहिला.

खरंच घेतलं होतं. आमच्या स्नेहसंमेलनात त्याला शिपायाचं काम दिलं होतं. 'साहेब, गाडी आली' एवढं एकच वाक्य. ते त्याने भिंतीकडे बघून, भिंतीसारख्याच चेहऱ्याने म्हटलं होतं, आणि आम्ही पुढे वर्षभर त्याला 'गाडी आली' म्हणून चिडवत होतो. या माणसाला अभिनयाचा अ येत नाही. मग आज हे कुठून आलं? आधी मला नुसतं नवल वाटलं. मी वर खोलीत जाऊन त्याच्या खुर्चीवर पडलेलं कार्ड उचललं. कापडाच्या दुकानातला विक्रेता, नोकरी गेलेली, झोप उडालेली, घरी बायको आणि दोन मुलं. मांजराचा कुठे पत्ता नव्हता.

मनात पाल चुकचुकली. मी बिल्ल्यांच्या डब्यात बघितलं. एक बिल्ला कमी होता. आणि तेव्हा लक्षात आलं की त्याचं वाक्य राहिलं. टाळ्यांच्या आणि जेवणाच्या गडबडीत त्याने ते म्हटलंच नव्हतं, आणि आमच्यापैकी एकालाही, नियम करणाऱ्या बाईंनासुद्धा, त्याची आठवण झाली नव्हती.

मी खाली धावले. जिन्यात बाईंना फोन लावला, पण प्रशिक्षणात फोन बंद ठेवायचे हा त्यांचाच नियम, आणि तो त्या स्वतः पाळत होत्या.

एक्सरेच्या खोलीवरचा लाल दिवा लागलेला होता. म्हणजे आत पेशंट आहे, येऊ नका. पण बाहेरच्या बाकावर कोणी नव्हतं, आणि पेशंटबरोबर आलेलं माणूस बाकावर नाही, असं आमच्याकडे होत नाही. मी दार ठोठावलं.

"पेशंट आहे," आतून आवाज आला.

"नाहीये. मी आत येतेय."

तो टेबलाच्या कडेवर बसला होता, जिथे पेशंट झोपतात तिथे. खुंटीवर शिशाचे एप्रन लटकत होते. पिवळा बिल्ला अजून त्याच्या छातीवर होता. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

"तुमचं वाक्य राहिलं," मी म्हटलं.

"हो ना." तो हसल्यासारखं करून बोलायला लागला, "मी आता तो नाही, मी…" आणि थांबला. परत म्हणून बघितलं. परत तिथेच अडलं.

आता कार्ड नव्हतं, बाई नव्हत्या, मार्क द्यायला कोणी नव्हतं. चुकलं तर काय, बरोबर निघालं तर काय, दोन्हींची मला भीती वाटली. सकाळी जीभ अडली ती लाजेने, आता या भीतीने. हा रोज माझ्या पेशंटांचे फोटो काढून देणारा माणूस. याला मी कधी काही विचारलं नव्हतं. अख्ख्या हॉस्पिटलच्या सासवा, सुना, जावई मला पाठ, आणि याच्या घरी मांजर होतं हे मला आज कळत होतं.

"एक्सरे, मी तुम्हाला विचारतेय, त्या दुकानवाल्याला नाही. तुमच्या मनात आत्महत्येचा विचार येतोय का?"

तो हळूच म्हणाला, "सकाळी सांगितलं ना, सिस्टर. तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, पण त्याचा हात धरला आणि सोडला नाही. "चुकलो आम्ही," मी म्हटलं. "आता परत सांगा. मी ऐकतेय."

त्याने सांगितलं. एक असं कारण नव्हतंच. बायको वेगळी राहायला गेली, त्याआधी झोप गेली होती, त्याआधी आणखी काही. ते त्याचं आहे, मी इथे मांडणार नाही. मधेच त्याने स्वतःच सांगितलं की सकाळी बोलायचं ठरवलं नव्हतं, बिल्ला लावल्यावर आपोआप तोंडातून आलं. मी मामेभावाची गोष्ट सांगितली नाही. घरी जिवाला धोका होईल असं काही ठेवलंय का, हेही विचारलं, कारण ते विचारायचंच असतं. त्याने खिशातून घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"आज ही तुमच्याकडे राहू दे," तो म्हणाला.

"राहू दे. पण मला एकटीला हे पेलायचं नाही, आणि तुम्हालाही नाही. चला, दोघं वर जाऊ."

अशा माणसाला एकटं सोडायचं नाही, म्हणून मी त्याला एक पाऊलही मागे राहू दिलं नाही. बाई हात धुवून येत होत्या. त्याच्या छातीवरचा बिल्ला त्यांनी बघितला, मग माझा चेहरा. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. रुमाल नाकाशी धरून त्या म्हणाल्या, "मी टाळ्या वाजवल्या." मग त्याला घेऊन शेजारच्या खोलीत बसल्या. दुपारचं सत्र त्या दिवशी झालं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत बरंच झालं. बाई त्याच्याशी बोलल्या, औषध ठरलं, दुसऱ्या दिवशीची भेट ठरली. त्याच्या ताईला फोन गेला. ती भावासारखीच सडसडीत, स्वयंपाकघरातल्याच चपला घालून आलेली. आल्या आल्या तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच हात ठेवून उभी राहिली. किल्ली मी तिच्या हातात दिली. घरी आधी तिचा नवरा जाऊन सगळं बघणार होता, आणि हा तिच्याकडे राहणार होता.

निघताना त्याने बिल्ला काढला आणि डब्यात टाकला. आम्ही सगळे होतो. त्याने घसा साफ केला.

"मी आता तो नाही…" तो थांबला. "बाई, हे अजून खरं नाहीये."

"मग खरं असेल तेवढंच म्हणा," बाई म्हणाल्या.

त्याने ताईकडे बघितलं. "आज संध्याकाळी मी ताईकडे जाणार आहे. वाटेत काकूंकडून मांजर घेऊन."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

ते दोघे जिन्यापर्यंत गेले, आणि माझं कुतूहल काही गप्प बसेना. सकाळपासून एक गोष्ट मनात अडकली होती. मी मागून हाक मारली, "अहो एक्सरे, पण डावाच कान का? उजवा का नको?"

तो वळला. चेहरा अजून ओढलेलाच होता, पण माझी खोड त्याला पुरती माहीत होती.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या," मी म्हटलं. "मी विचारणार आहे."